अल्ट्रामॅन पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी: १९६६ च्या मालिकेत कसं शिरायचं

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा राहायला आला होता. त्याला मी १९६६ सालच्या जपानी 'अल्ट्रामॅन' मालिकेचा एक भाग लावून दिला. दोन मिनिटांत त्याचा निकाल आला, "मामा, आत माणूस आहे. पाठीला चेन असणार." मी म्हटलं, "आहेच. कुठे लपवलीय ते शोध." मग गडी सरसावून बसला. अल्ट्रामॅनने पाठ केली की थांबवायचं, मागे न्यायचं, पुन्हा बघायचं. शेवटी सापडली. पाठीच्या मधोमध माशाच्या परासारखा एक उभा उंचवटा आहे, त्याच्या आडोशाला.

दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' बघत मोठी झालेली माझ्या वयाची मंडळी आणि मोबाइलवर कुठेतरी चांदीच्या अंगाचा, अंड्याएवढ्या डोळ्यांचा तो चेहरा बघून "हे काय प्रकरण आहे" म्हणणारी पोरं, दोघांसाठी हे लिहितोय. बहुतेक जण पहिल्या भागात रबरी राक्षस बघून हसतात आणि बंद करतात. हसा, हरकत नाही. पण बंद करू नका. सूट दिसतोच, तो दिसत नाही असं स्वतःला पटवायच्या फंदात पडू नका. तो नीट बघायला शिकलात की मालिका उलगडते.

पायरी १: बघायच्या आधी एवढं ठाऊक असू द्या

नाव एकच पक्कं करा: एइजी त्सुबुराया. जन्म १९०१ चा, फुकुशिमा प्रांतातल्या सुकागावाचा. १९५४ च्या पहिल्या गॉडझिलाचे ट्रिकसीन याच माणसाचे. आपली जुनी मंडळी ज्याला ट्रिकसीन म्हणतात त्याला जपानीत 'तोकुसात्सु' म्हणतात, आणि तिथे तो नुसता तंत्राचा भाग नाही, तो चित्रपट-मालिकांचा अख्खा एक प्रकार आहे. त्यातल्या अवाढव्य प्राण्यांना म्हणायचं 'काइजू'. हे दोन शब्द आले की निम्मं काम झालं.

१९६३ मध्ये त्सुबुरायांनी टोकियोच्या सेतागाया भागात स्वतःची कंपनी काढली आणि अमेरिकेतून एक ऑप्टिकल प्रिंटर मागवला. दोन वेगवेगळ्या फिल्मवरची चित्रं एका फिल्मवर उतरवणारं हे यंत्र. यंत्र उत्तम, पण किंमत आवाक्याबाहेर. थोरला मुलगा हाजिमे टीबीएस वाहिनीत दिग्दर्शक होता. शेवटी यंत्र टीबीएसने घेतलं, आणि यंत्र आलंय तर त्याला काम हवंच, म्हणून मालिका उभी राहिली. २ जानेवारी १९६६ ला सुरू झालेली ती कृष्णधवल मालिका म्हणजे 'अल्ट्रा क्यू'. तिच्यात राक्षस होते, नायक नव्हता. नावातला 'अल्ट्रा' आला १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधून. जिम्नॅस्टिक्सच्या सर्वांत अवघड कसरतींना तेव्हा 'अल्ट्रा सी' म्हणत आणि तो शब्द सगळ्या जपानच्या तोंडी बसला होता.

राक्षस लोकांना आवडले. मग त्याच मंडळींनी रंगीत मालिका करायला घेतली आणि राक्षसाला भिडायला त्याच्याच उंचीचा नायक आणला. रविवारी संध्याकाळी सात वाजता, १७ जुलै १९६६ पासून ९ एप्रिल १९६७ पर्यंत, ३९ भाग. नायकाचं नाव आधी बेम्युलर ठरत होतं, मग रेडमॅन, मग अल्ट्रामॅन. यातलं पहिलं नाव वाया गेलं नाही. पहिल्या भागात मार खाणाऱ्या राक्षसाला ते देऊन टाकलं.

गोष्ट एका दमात सांगता येते. राक्षसांचा बंदोबस्त करणाऱ्या विज्ञान पथकाचा हायाता विमानातून जात असताना एक लाल गोळा येऊन धडकतो आणि तो मरतो. गोळ्यातला परग्रहवासी ओशाळतो, आपला जीव हायाताला देतो आणि दोघे एक होतात. हातातली बीटा कॅप्सूल उंच धरून बटण दाबलं की हायाताचा चाळीस मीटर उंच अल्ट्रामॅन होतो. पृथ्वीवर त्याची शक्ती भराभर संपते, छातीवरचा निळा दिवा लाल होऊन लुकलुकू लागतो. तो विझला तर अल्ट्रामॅन पुन्हा उठायचा नाही, असं निवेदक दर वेळी बजावतो. 'तीन मिनिटं' हा आकडा तुम्हाला सगळीकडे ऐकू येईल. या मालिकेचा निवेदक मिनिटं मोजत बसत नाही, तो आकडा पुढे रूढ झाला.

अल्ट्रामॅनचं घर एम७८ तेजोमेघात. मुळात म्हणे एम८७ लिहायचं होतं, छापताना आकडे उलटे पडले आणि तसेच राहिले. एम७८ मृग नक्षत्राच्या परिसरात खरोखर आहे. गच्चीवर चांगली दुर्बीण लावलीत तर पुसटसा डाग दिसेल.

पायरी २: कुठून मिळवायची

जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल, एवढंच धरून चाला. अमेरिकेत २०१९ मध्ये ही मालिका ब्लू-रेवर आली, ती अशीच आहे. डिस्क मागवण्याआधी तिचा रीजन, म्हणजे ती जगातल्या कुठल्या भागासाठी काढलीय, तो आपल्या प्लेअरला चालतो का ते बघा, नाहीतर शोकेसमध्ये ठेवायला छान दिसते. त्सुबुरायांच्या कंपनीच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर नव्या मालिकांचे भाग सबटायटलसह येत असतात. पण सुरुवात तिथून करू नका.

जपानबाहेर ही मालिका इतकी वर्षं सहज का मिळत नव्हती, त्यालाही गोष्ट आहे. १९७६ च्या तारखेचा एक करार दाखवून थायलंडच्या एका निर्मात्याने परदेशातल्या हक्कांवर दावा सांगितला. खटले जपानमध्ये चालले, थायलंडमध्ये चालले, शेवटी अमेरिकेतही चालले. निकाल प्रत्येक ठिकाणी सारखा लागला नाही. थायलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये कंपनीच्या बाजूने कौल दिला, अमेरिकेतला निकालही तिच्याच बाजूने लागला. आपल्याला गंमत वाटेल ती वेगळीच: भांडण लागायच्या आधी, १९७४ मध्ये, याच दोन पक्षांनी मिळून एक चित्रपट काढला होता. त्यात अल्ट्रामॅन मंडळींच्या जोडीला राक्षसांशी लढायला येतो तो चक्क हनुमान. थाई रामायणातला, पांढराशुभ्र.

पायरी ३: पहिले दोन भाग, पण वेगवेगळ्या तऱ्हेने

पहिला भाग विधी म्हणून बघा. हायाता कसा मेला, कॅप्सूल कशी आली, एवढं कळलं की बास.

दुसरा भाग मात्र सावकाश बघा. चित्रीकरणाला सुरुवातच या भागाच्या गटापासून झाली. लिहिला आणि दिग्दर्शित केला तोशिहिरो इइजिमांनी. यातला बाल्टन परग्रहवासी जपानमध्ये आजही पोराटोरांना माहीत आहे. खेकड्याच्या नांग्यांसारखे हात आणि 'फोफोफोफो' असं खर्जातलं हसू. त्याचं डोकं नवीन नाही. 'अल्ट्रा क्यू'मधल्या सिकाडा-माणसाचं (सिकाडा म्हणजे झाडावर किर्र करणारा किडा) डोकं घेऊन त्यावर काम केलंय. नीट बघा, किडा दिसेल.

या भागातली वाटाघाट चुकवू नका. बाल्टनचा ग्रह अणुस्फोटाच्या प्रयोगात नष्ट झालाय. जहाजात त्याचे २०३ कोटी देशबांधव जिवाणूंएवढे बारीक होऊन बसलेत आणि त्यांना पृथ्वीवर राहायचंय. हायाता म्हणतो, इथले कायदे, इथल्या चालीरीती पाळाल तर जमेल. मग बोलता बोलता 'जीव' हा शब्द येतो आणि बाल्टन अडतो. जीव म्हणजे काय, हे त्याला कळतच नाही. हायाता मंगळावर जा म्हणतो. ते नको, तिथे स्पेशियम आहे. पुढे अल्ट्रामॅनच्या हातातून जो किरण निघतो त्याचं नाव स्पेशियम किरण. आणि शेवटी अल्ट्रामॅन ते जहाज उडवतो. सगळ्या २०३ कोटींसकट. मालिका त्यावर चकार शब्द काढत नाही, संगीत वाजतं, भाग संपतो. मला दर वेळी इथे घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं. लहान मुलांच्या कार्यक्रमात हे आलं कसं, हा प्रश्न पडला की तुम्ही वाटेला लागलात.

पायरी ४: सूट बघायला शिका

तीन गोष्टी सांगतो, क्रमाने शोधा.

पहिली, डोळे. मोठ्या पिवळ्या डोळ्यांच्या खालच्या कडेला बारीक काळी भोकं आहेत. आतला माणूस तिथून बघत असे. बिन फुरुया त्याचं नाव, १९४३ चा जन्म, उंच आणि सडपातळ. 'अल्ट्रा क्यू'मध्ये तो केमुर नावाच्या परग्रहवासीयाच्या सोंगात होता. त्याची लांबसडक हातापायांची ठेवण शिल्पकार तोरु नारितांच्या मनात भरली आणि त्यांनी अल्ट्रामॅन त्याच्याच मापावर रचला. पाणबुडे घालतात तसा रबरी वेटसूट, त्यावर चांदीचा रंग आणि लाल पट्टे. चेहऱ्यावर जुन्या ग्रीक मूर्तींच्या ओठांवर असतं तसं नकळत स्मित, ना राग ना आनंद. नारितांनी आराखडा केला आणि अकिरा सासाकींनी तो मातीत उतरवला.

छातीवरचा दिवा, डोळ्यांतली भोकं आणि पाठीवरचा तो पर, या तिन्ही गोष्टी नारितांना मनापासून नको होत्या. दिवा गोष्टीत ताण आणायला आला, भोकं माणसाला दिसावं म्हणून, पर चेन झाकायला. पुढे स्वतः अल्ट्रामॅनची चित्रं रंगवली तेव्हा त्यांनी हे तिन्ही वगळले. २०२२ च्या नव्या जपानी चित्रपटात अल्ट्रामॅनच्या छातीवर दिवा नाही, तो याच माणसाला मान देण्यासाठी.

दुसरी गोष्ट, चेहरा. मालिकेत तो दोनदा बदलतो. १ ते १३ या भागांतल्या मुखवट्याचं तोंड हलवायचा बेत होता, म्हणून त्यावर मऊ रबर आहे. तोंड काही नीट हललं नाही, रबराला मात्र सुरकुत्या पडल्या. कॅमेरा जवळ गेला की गालाला खळगे दिसतात, एखाद्या दमलेल्या म्हाताऱ्यासारखे. १४ व्या भागापासून गुळगुळीत, कडक चेहरा येतो आणि ३० व्या भागापासून आणखी एक. चाहते त्यांना ए, बी आणि सी म्हणतात. मला तो सुरकुतलेला पहिलाच आवडतो. भाच्याला अर्थातच तिसरा.

तिसरी, राक्षसांची पाठ. सूट महाग, वेळ कमी, त्यामुळे आजीने जुन्या लुगड्यांची गोधडी शिवावी तसा कारभार चालायचा. एका जुन्या चित्रपटातल्या बारागॉन राक्षसाचा सूट 'अल्ट्रा क्यू'त आला आणि पॅगोस झाला. तोच 'अल्ट्रामॅन'च्या तिसऱ्या भागात शिंग लावून नेरोंगा, आठव्यात मॅग्युलर, नवव्यात मानेभोवती पाकळ्या लावून गाबोरा. हे तीन भाग लागोपाठ लावा आणि फक्त पाठीचा कणा आणि मागचे पाय बघत राहा. दहाव्या भागात तर थेट गॉडझिलाच्या सूटला गळपट्टा चढवून जिरास केलाय, आणि आत माणूसही तोच, पहिल्या गॉडझिलातला हारुओ नाकाजिमा. अल्ट्रामॅन लढता लढता तो गळपट्टा उपटतो. तेव्हा पडद्यावर क्षणभर कोण दिसतं, ते सांगायला नको.

नवे राक्षस र्योसाकु ताकायामांच्या हातचे. नारितांनी त्यांच्यासाठी नियम घालून घेतले होते: साध्या प्राण्याला नुसतं मोठं करून राक्षस म्हणायचं नाही, दोन डोकी, चार हात असल्या विकृती नकोत, फाटलेलं अंग, सांडलेलं रक्त नको. मुलांना भीती वाटावी, किळस येऊ नये. त्यामुळे या मालिकेतले राक्षस बघताना "हा कोणता प्राणी?" याचं उत्तर सापडत नाही, आणि सापडू नये असंच आहे.

पायरी ५: वजन कुठून येतं ते समजून घ्या (आणि घरी करून बघा)

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

माणूस पावणेदोन-दोन मीटरचा, अल्ट्रामॅन चाळीस मीटरचा. म्हणजे सुमारे २२ पट. आता खरोखर चाळीस मीटर उंचीवरून काही पडलं तर जमिनीवर यायला वेळ लागतो, पण सेटवरची इमारत माणसाच्या कमरेएवढी, ती निमिषात कोसळते. डोळा लगेच ओळखतो: खेळणं आहे. उपाय एकच, कॅमेरा जास्त वेगाने चालवायचा म्हणजे पडद्यावर सगळं संथ दिसतं. किती वेगाने? हिशोब साधा आहे. प्रतिकृती जितक्या पटीने लहान, त्याचं वर्गमूळ काढायचं, तितक्या पट वेग. २२ चं वर्गमूळ साधारण ४.७. सेकंदाला २४ चित्रांऐवजी ११० च्या आसपास घेतली की गणित बरोबर जुळतं. मालिकेच्या घाईत दर वेळी एवढं काटेकोर कोण करणार, पण तत्त्व हेच.

आता पुढची साखळी बघा. कॅमेरा पाचपट वेगाने चालला की प्रत्येक चित्राला उजेड पाचव्या हिश्शाने मिळतो. म्हणून सेटवर दिव्यांचा मारा. शिवाय जवळची आणि लांबची घरं दोन्ही स्पष्ट दिसायला हवीत, म्हणून भिंगाचं तोंड बारीक, म्हणजे आणखी उजेड. या भट्टीत रबरी वेटसूट घातलेला माणूस, डोळ्यांना दोन भोकं. बूट काढले की घाम ओतावा लागे. अल्ट्रामॅनला तीन मिनिटांची मर्यादा म्हणतात, सेटवर फुरुयाचीही काही फार वेगळी नव्हती.

किरणाचं काम आणखी वेगळं. उजवा हात उभा, डावा आडवा, फुलीसारखा. फुरुया नुसता तसा उभा राहायचा, हातातून काही निघत नसे. मग सादाओ इइझुका चित्रागणिक तो किरण हाताने रंगवत आणि ऑप्टिकल प्रिंटरवर दोन्ही एकत्र होत. तीन सेकंदांचा किरण म्हणजे २४ गुणिले ३, बहात्तर चित्रं. म्हणून किरण सोडताना अल्ट्रामॅन पुतळ्यासारखा स्थिर असतो. जरा हलला तर वरचा किरण हातावरून सरकणार. त्या रुबाबदार पोजमागे हे कारकुनी कारण आहे, ते कळल्यापासून मला ती पोज जास्तच आवडते.

पाणी मात्र कुणाचं ऐकत नाही. थेंब लहान करता येत नाही. तळ्यात लढाई असली की भलेमोठे थेंब दिसतात आणि चाळीस मीटरचा राक्षस टबातल्या बाहुल्यासारखा वाटतो. पहिल्याच भागात तळं आहे, बघा.

घरी करून बघायचं तर दिवाळीचा किल्ला यासाठी उत्तम. साधारण पाच सेंटिमीटरचा मावळा म्हणजे माणसाच्या तेहेतीसाव्या हिश्शाएवढा. तेहेतीसचं वर्गमूळ पावणेसहा. मोबाइलचा स्लो मोशन सेकंदाला १२० चित्रांवर लावला आणि तो ३० ने चालवला तर चौपट संथ होतं, २४० वर आठपट. आपल्याला हवं ते मधलं आहे, दोन्ही करून बघा. बाकी नीट सांगतो:

मोबाइल मावळ्याच्या डोळ्याच्या उंचीला ठेवा, म्हणजे जवळजवळ जमिनीलाच. उभं राहून वरून खाली चित्रण केलं की खेळ खलास. मागे भिंत, कुंडी, चपला दिसता कामा नयेत, फिकट निळी चादर ताणा. माती मैद्याच्या चाळणीने चाळून घ्या. ढेकूळ दिसलं की दगड वाटत नाही, ढेकूळच वाटतं. बुरूज आतून पोकळ करून त्यात थोडं पीठ भरा, पडताना धुरळा उडेल. आणि हे सगळं दिवसा, उन्हात करा. ट्यूबलाइटमध्ये स्लो मोशन घेतलंत की चित्र लपलप करतं, कारण दिवा सेकंदाला शंभरदा कमीजास्त होत असतो. नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. आमच्या पहिल्या तीन खेपा यातच गेल्या. चौथ्या खेपेला बुरूज पडला तेव्हा भाच्याने तो अकरा वेळा बघितला.

पायरी ६: सहा भाग एका माणसासाठी

हात बसला की अकिओ जिस्सोजींचे भाग घ्या: १४, १५, २२, २३, ३४ आणि ३५. लेखक मामोरु सासाकी. कॅमेरा नाकाला टेकेल इतका जवळ, मागून उजेड, तोंडं अर्धी अंधारात. गंमत म्हणजे या सहांत स्पेशियम किरण राक्षसावर एकदाही सुटत नाही. जिस्सोजींना बहुधा तो सोपा सुटका-मार्ग वाटला असावा, हे आपलं माझं मत.

१५ व्या भागात पोरं सिमेंटच्या पाइपावर राक्षसाचं चित्र काढतात, ते जिवंत होतं, आणि करतं काय? झोपतं. घोरत पडून राहतं आणि त्यामुळे शहराचा व्यवहार ठप्प. मोठी माणसं त्याला मारा म्हणतात, पोरं मारू नका म्हणतात. ३४ व्या भागात दोन लाख टनांचा एक राक्षस वरून पडतो आणि तिथेच पसरतो, त्याला परत पाठवायचं कसं याची नुसती धांदल. याच भागात हायाता आमटीभातासारखी करी खात असतो, घाईत गच्चीवर धावतो, हात उंचावतो, आणि हातात कॅप्सूलच्या जागी चमचा! तो चमच्याकडे बघतो आणि ओशाळतो. ५ मार्च १९६७ ची ही गोष्ट, जपानमध्ये आजही यावर विनोद होतात. ३५ व्यात मारलेल्या राक्षसांसाठी शोकसभा भरते, रीतसर मंत्रपठण होतं.

२३ वा भाग मात्र एकट्याने, रात्री बघा. १८ डिसेंबर १९६६ ला दाखवला गेला. राक्षसाचं नाव जमिला. मुळात तो माणूसच, अंतराळात भरकटलेला आणि त्याच्या देशाने वाऱ्यावर सोडलेला यात्री. पाणी नसलेल्या ग्रहावर त्याचं रूप पालटलं. आता तो सूड घ्यायला परत आलाय. वरून हुकूम येतो: ओळख उघड न करता त्याला राक्षस म्हणूनच संपवा. पथकातला इदे, एरवी विनोद करणारा, बिथरतो. अल्ट्रामॅन त्याला पाण्याच्या झोताने मारतो. चिखलात लोळत, निशाणांकडे सरपटत तो मरतो, तेव्हा त्याचं ओरडणं तान्ह्या बाळासारखं आहे. मग त्याच्या नावाची फ्रेंच भाषेतली पाटी लागते, मानवजातीसाठी प्राण वेचणारा वगैरे. इदे पाटीकडे बघत म्हणतो ते एवढंच, की बळी गेलेल्यांच्या वाट्याला नेहमी हेच, शब्द तेवढे सुंदर.

सूटची रचनाही लक्षात घ्या. जमिलाला मान नाही, खांदे थेट डोक्यापर्यंत चढलेत. जपानी पोरं शर्ट डोक्यावर ओढून, चेहरा गळ्यातून बाहेर काढून 'जमिला' व्हायची. असा भाग बघून खेळायचं काय, तर हे. पोरांचं बरोबर असतं.

पायरी ७: किंजो आणि शेवट

मालिकेचा मुख्य लेखक तेत्सुओ किंजो ओकिनावाचा. ओकिनावा १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होतं, तिथून टोकियोला यायचं तर परवान्याचे कागद लागत. आपल्याच देशात पाहुण्यासारखा वावरलेला हा माणूस परग्रहावरच्या पाहुण्यांच्या गोष्टी लिहीत होता. सगळं त्यावरूनच वाचायचं असं नाही, पण ३३ वा भाग बघताना मनात असू द्या. मेफिलास नावाचा सभ्य, मृदुभाषी परग्रहवासी एका शाळकरी मुलाला विचारतो, "पृथ्वी मला देतोस?" मारामारी नको, नुसतं 'हो' म्हण. मुलगा म्हणत नाही. सगळ्या मालिकेत इतका धोकादायक शत्रू दुसरा नाही आणि तो आवाजसुद्धा चढवत नाही, निदान सुरुवातीला. किंजो पुढे ओकिनावाला परतला आणि १९७६ मध्ये, अवघ्या ३७ व्या वर्षी, गेला.

मग ३७ आणि लगेच ३९. सदतिसाव्यात इदेला प्रश्न पडतो, अल्ट्रामॅन आहेच तर आपण कशाला? एकोणचाळिसाव्यात झेटन येतो, स्पेशियम किरण गिळून परत फेकतो आणि अल्ट्रामॅन आडवा होतो. छातीचा दिवा विझतो. झेटनला मारतात ती पथकाची माणसं, इवल्याशा बाँबने. इदेच्या प्रश्नाला कुणी भाषण देऊन उत्तर देत नाही, ते असं मिळतं.

मालिका पडली म्हणून संपली असं समजू नका. सरासरी ३६.८ टक्के घरांत ती लागत होती, ३७ व्या भागाला ४२.८ टक्के. दर आठवड्याला एवढे ट्रिकसीन वेळेवर पुरे होईनात, म्हणून ३९ वर थांबवली. पुढच्या रविवारपासून त्या वेळेला दुसऱ्या कंपनीची मालिका लागली. त्सुबुरायांच्या मंडळींनी दम घेतला आणि १ ऑक्टोबर १९६७ ला 'अल्ट्रासेव्हन' आणली.

पायरी ८: यानंतर

आधी 'अल्ट्रासेव्हन', ४९ भाग, जरा मोठ्यांसाठी. त्यातला बारावा भाग अधिकृत संचात सापडणार नाही. अणुबाँबग्रस्तांना दुखावणारा म्हणून तो केव्हाच बाजूला काढलाय, तेव्हा संच अपुरा आला म्हणून दुकानदाराशी भांडू नका. मग १९७१ ची 'रिटर्न ऑफ अल्ट्रामॅन' मालिका. 'अल्ट्रा क्यू' मागे वळून केव्हाही. त्यापुढे डझनावारी अल्ट्रामॅन आहेत, सगळे बघायचा हट्ट धरलात तर घरचे तुम्हाला घराबाहेर काढतील.

जपानला कधी जाणं झालंच तर टोकियोत शिंजुकूहून ओदाक्यू रेल्वेची लोकल पकडा आणि सोशिगाया-ओकुरा स्टेशनला उतरा. कंपनीचं जुनं बिऱ्हाड याच भागात होतं. स्टेशनाबाहेर अल्ट्रामॅनचा पुतळा आहे, पुढच्या बाजारपेठेतले रस्त्यावरचे दिवे त्याच्या डोक्याच्या आकाराचे. वेळ असेल तर त्सुबुरायांच्या सुकागावालाही जा. त्या गावाने २०१३ मध्ये एम७८ शी भगिनी-शहराचं नातं जोडलंय, रस्त्यावर राक्षस उभे केलेत, आणि २०१९ पासून त्सुबुरायांच्या नावाचं संग्रहालयही आहे. तिथे पुतळ्याच्या पाठीमागे जाऊन पर तेवढा बघून या.